पाया खणण्याआधी

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक धर्मादाय दवाखाना होता. खाली ओपीडी, वर दोन वॉर्ड, मागच्या अंगाला प्रसूतीची खोली. आसपासच्या खेड्यांतल्या लेकीबाळी बाळंतपणाला तिथंच येत, कारण डॉक्टरबाईंच्या हाताला यश आहे अशी सगळ्यांची खात्री. डॉक्टरबाई सेवाग्रामला शिकलेल्या. १९६९ साली निघालेलं ते देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. तिथून त्या निघाल्या आणि थेट या गावात येऊन राहिल्या.

दवाखाना अपुरा पडू लागला, तेव्हा गावातल्या जिनिंगवाल्या शेठजींनी हायवेला लागून दोन एकर जागा दिली. ट्रस्टनं साठ खाटांचं रुग्णालय बांधायचं ठरवलं. ते ‘ग्रीन बिल्डिंग’ असावं, असा ठरावही केला. ठराव मनापासून होता. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जाणारा हा मुलुख. विजेचं बिल आलं की सचिवांच्या तोंडचं पाणी पळे आणि बोअरवेल एप्रिलमध्येच धाप टाकू लागे.

नागपूरचा एक तरुण आर्किटेक्ट नेमला. हुशार होता, कष्टाळू होता. तीन महिने खपून त्यानं नकाशा केला आणि पडद्यावर दाखवला. हायवे पश्चिमेला, म्हणून इमारतीचं तोंड पश्चिमेला. तिथं दोन मजली काचेची भिंत, मागं भव्य दालन. छतावर सौर पॅनेल, प्रवेशाशी वेलींची उभी बाग, सांडपाणी शुद्ध करायची टाकी. विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या. शेठजींना तर वडिलांचं नाव त्या काचेवर सोनेरी अक्षरांत झळकताना दिसूही लागलं.

मग नकाशा पुढं सरकला. आधी आरसीसीच्या इंजिनिअरकडं गेला. त्यानं दालनाच्या लांब गाळ्यासाठी जाड बीम धरले. तिथून एसीच्या इंजिनिअरकडं. त्यानं क्षेत्रफळ पाहिलं, सत्तावीस हजार चौरस फूट, आणि दीडशे चौरस फुटाला एक टन या चालत आलेल्या हिशेबानं १८० टनांचा प्लांट मांडला. काच पश्चिमेला आहे म्हणून वर थोडी पुस्ती जोडली. नकाशा इलेक्ट्रिकवाल्याकडं गेला, त्यानं एसीच्या आकड्यावर आपली पुस्ती जोडून ट्रान्सफॉर्मर धरला. जनरेटरवाल्यानं त्याच्या आकड्यावर आपली जोडली. प्लंबरला तर नकाशा सगळ्यात शेवटी मिळाला. भिंतीतून पाइप कुठून न्यायचे, एवढंच ठरवायचं त्याच्या वाट्याला उरलं होतं. यातला कोणीही कोणाला भेटला नव्हता. प्रत्येकानं आपलं काम चोख केलं होतं, हे मी आवर्जून सांगतो, कारण अशा गोष्टीत कामचुकार शोधायची आपल्याला सवय असते. इथं कामचुकार कोणीच नव्हता.

अंदाजपत्रक आलं ते ट्रस्टच्या पैशांच्या दीडपट.

मग काटछाटीची बैठक बसली. स्लॅबवरचा उष्णतारोधक थर गेला. खिडक्यांवरचे रुंद छज्जे गेले. दुहेरी काचेची एकेरी झाली. सांडपाण्याची टाकी ‘पुढच्या टप्प्यात’ गेली आणि पुढचा टप्पा कधी येतो, हे संस्था चालवलेल्या कोणालाही ठाऊक असतं. १८० टनांना मात्र कोणी हात लावला नाही. उलट थर आणि छज्जे गेल्यावर तो आकडा कमी पडेल की काय, अशी शंका एसीवाल्या इंजिनिअरनं काढली. इमारत जेवढी उघडी पडत होती, तेवढं यंत्र मोठं होत होतं. ठराव ‘हरित’ इमारतीचा होता, पण हरित म्हणून जे जे होतं ते सगळं शेवटी चिकटवलेलं होतं, म्हणून सगळ्यात आधी गळून पडलं.

डॉक्टरबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी आर्किटेक्टला विचारलं, “तुम्ही आणि हे एसीचे इंजिनिअर, पहिल्यांदा कधी भेटलात?”

“आत्ताच, मॅडम. इथंच.”

बाई म्हणाल्या, “आमच्याकडं अवघड ऑपरेशन असलं की सुरी लावायच्या आधी भूलतज्ज्ञ, सिस्टर, रक्तपेढीचा माणूस, सगळे एका ठिकाणी उभे राहून बोलतो. टाके घालायची वेळ आली की भूलतज्ज्ञाला बोलवायचं, असं आम्ही केलं तर पेशंट टेबलावरच जाईल. तुमच्याकडं हे चालतं कसं?”

कोणी बोललं नाही.

“काही कापू नका,” बाई म्हणाल्या. “हा नकाशा बाजूला ठेवा. दोन दिवस सगळे एकत्र बसू, कोऱ्या कागदावर. जुन्या दवाखान्यात बसू, वरच्या पश्चिमेच्या वॉर्डात. आणि याच महिन्यात बसू.”

महिना मे होता.

बोलणं सोपं होतं, माणसं जमवणं सोपं नव्हतं. आरसीसीचा इंजिनिअर म्हणाला, मला ड्रॉइंगचे पैसे मिळतात, बसण्याचे नाहीत. एसीच्या इंजिनिअरची अडचण वेगळी होती. ती त्यानं उघड सांगितली नाही, पण सचिवांना ती करारात दिसली. त्याची फी प्लांटच्या किमतीवर टक्केवारीनं होती. आर्किटेक्टचीही बांधकामाच्या खर्चावर. म्हणजे ज्यानं इमारतीचा खर्च वाचवायचा, त्यानं स्वतःच्या खिशाला कात्री लावायची. या व्यवहारातली ही गाठ मला सगळ्यात कठीण वाटते. पर्यावरणाबद्दलची कळकळ या गाठीपुढं दोन दिवसही टिकत नाही.

बाईंनी गाठ सोडवली. सगळ्यांची फी ठोक रकमेत बदलली, खर्च वाढो की कमी होवो. आणि त्या दोन दिवसांचं मानधन वेगळं धरलं, येणाऱ्या प्रत्येकाला सारखं. यादी पाहून सचिव चपापले. आर्किटेक्ट, तीन इंजिनिअर, प्लंबर, बांधकामाचा मिस्त्री, मोठ्या सिस्टर, शेठजी, रात्रीचा वॉचमन आणि वॉर्डातल्या मावशी.

“मावशींनाही तेवढंच?”

“मावशी तिथं चोवीस वर्षं आहेत. इमारतीबद्दल त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?”

पश्चिमेचा वॉर्ड उन्हाळ्यात रिकामाच ठेवावा लागे. तिथं दुपारी तीन वाजता टेबलं जोडून सगळे बसले. टेबलावर कोरे कागद. बाईंनी नकाशाचं नावही काढू दिलं नाही. आधी प्रत्येकानं या जुन्या इमारतीचं दुखणं सांगायचं.

इंजिनिअर मंडळी थोडक्यात बोलली. मोठ्या सिस्टर औषधांच्या फ्रिजवर बोलल्या, रात्री वीज गेली की कशी धावपळ होते त्यावर. मग मावशींकडं सगळ्यांनी पाहिलं.

“मले काय कळते त्यातलं,” मावशी म्हणाल्या. मग उठल्या, पश्चिमेच्या भिंतीशी गेल्या आणि म्हणाल्या, “इथं हात लावा, साहेब. आता नाई, रातच्याला लावा. नऊ-दहा वाजता. तवा भिंत भाकरीच्या तव्यासारखी होते. दुपारी खाट खिडकीपासून सरकवा लागते, रात्री भिंतीपासून. बाळंतिणीले कुठं ठेवावं, समजत नाई. खिडक्यांले आमी फाल्गुनातच पुठ्ठे लावतो, ते मिरगात काढतो.”

आर्किटेक्टनं वही उघडली. नऊ इंची विटेच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोचायला सहा-सात तास लागतात, हे त्यानं कॉलेजात शिकलेलं होतं. परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. दुपारी तीनचं ऊन रात्री नऊ-दहाला आत उतरतं, म्हणजे नेमकं बाळंतिणीच्या झोपेच्या वेळी. ते गणित खाटा सरकवणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकेपर्यंत त्याला त्यात माणूस दिसला नव्हता. आणि आपण कागदावर पश्चिमेला विटेची भिंतही नव्हे, काच उभी केली आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं रागही धरला नाही आणि सारवासारवही केली नाही. “मावशी, अजून सांगा,” एवढंच म्हणाला. त्या क्षणापासून त्या बैठकीचं खरं काम सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास सगळे जागेवर गेले. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. मिस्त्रीनं आखणीसाठी एक सळई सरळ उभी रोवली आणि तिची सावली शोधू लागला. सावली जवळजवळ नव्हतीच. सळईच्या बुडाशी बोटभर काळसर ठिपका. विदर्भात याच दिवसांत शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावरून जातो. आर्किटेक्टनं तिथंच मातीत काटकीनं रेघ ओढून समजावलं: उन्हाळ्यात दुपारचं ऊन दक्षिणेच्या भिंतीवर जवळजवळ पडतच नाही, ते सगळं छतावर पडतं. दोन फुटांचा छज्जा दक्षिणेला पुरतो. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडं ४६ अंशांवर उतरतो, तेव्हा छज्ज्याखालून ऊन आत येतं आणि थंडीत ते हवंच असतं. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं येतं, त्याला कुठलाही छज्जा अडवू शकत नाही. इमारत लांबीनं पूर्व-पश्चिम झोपवायची, म्हणजे लांब अंगं उत्तर-दक्षिण होतील आणि पश्चिमेला फक्त अरुंद बाजू राहील.

“मग हायवेवरून दिसणार काय?” शेठजींनी विचारलं. प्रश्न साधा होता आणि रास्त होता. जागा त्यांनी दिली होती.

“पश्चिमेच्या टोकाला जिना, लिफ्ट, संडास, कपड्यांची खोली घालू,” आर्किटेक्ट म्हणाला. “तिथं दिवसभर कोणी बसत नाही. ती भिंत सलग राहील, उंच राहील. नाव त्यावर घाला, काचेपेक्षा ठळक दिसेल.”

प्लंबर पहिल्यांदा बोलला. “सगळे संडास एकावर एक घेणार असाल तर पाइपाला एकच शाफ्ट लागेल. गळती झाली तर शोधायला भिंती फोडायला नकोत.” आरसीसीचा इंजिनिअर म्हणाला, दालनाचा लांब गाळा गेला तर माझे जाड बीमही गेले. एका ओळीच्या बदलानं तिघांचं काम हलकं झालं. आधीच्या तीन महिन्यांत ही ओळ कोणी बदलू शकलं नसतं, कारण हे तिघं एका उन्हात उभेच राहिले नव्हते.

दुपारनंतर थंडाव्याचा विषय निघाला आणि वाद झाला. एसीच्या इंजिनिअरनं एक गोष्ट काढली. इन्फोसिसनं हैदराबादजवळ पोचारमला एक इमारत बांधली, तिचे दोन सारखे भाग केले. एका भागात नेहमीचा एसी. दुसऱ्यात स्लॅबमध्येच पाइप घालून त्यातून गार पाणी खेळवलं. दुसऱ्या भागाला थंडाव्यासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली आणि यंत्रणेचा सुरुवातीचा खर्चही जास्त झाला नाही. “पण ते पाइप स्लॅबच्या पोटात असतात,” तो म्हणाला. “म्हणजे आरसीसीवाला, एसीवाला आणि बांधणारा, तिघांचं स्लॅब ओतायच्या आधी एकमत लागतं. माझ्या उभ्या नोकरीत मला स्लॅब ओतून झाल्यावरच बोलावलंय.” टक्केवारी सुटली होती, जीभही सुटली.

मग तो म्हणाला, आपल्याला तेही नको. ऑपरेशन थिएटर, प्रसूतीकक्ष, नवजात बालकांचा अतिदक्षता कक्ष आणि लॅब यांना खरा एसी लागेल. साध्या वॉर्डांना विदर्भाचा कूलर पुरे आहे. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ४४ अंशांची हवा ओल्या जाळीतून २७-२८ पर्यंत उतरते. टेबलाभोवतीच्या वैदर्भीयांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. सगळ्यांच्या घरी खिडकीत कूलर होता.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “नाही चालणार. प्रत्येक खिडकीत कूलर म्हणजे प्रत्येक खिडकीत पाण्याची टाकी. पावसाळ्यात मला वॉर्डातच डेंग्यूचे पेशंट तयार करायचे नाहीत.”

एवढं बोलून त्या गप्प बसल्या नाहीत. टाकी तीसच्या ऐवजी एकच असती, आठवड्याला रिकामी करून कोरडी करता आली असती, तर चाललं असतं, असंही म्हणाल्या. मग एकच मोठं यंत्र ठरलं आणि त्याची हवा भिंतीतल्या शाफ्टमधून वॉर्डांत न्यायची ठरली. एसीवाला म्हणाला, कूलरची हवा एसीपेक्षा कितीतरी जास्त लागते, शाफ्ट मोठे हवेत. आरसीसीवाल्यानं लगेच खांबांच्या ओळी सरकवल्या. “आत्ता सांगताय म्हणून,” तो म्हणाला. “बीम ओतल्यावर भोक मागितलं असतंत तर मी दिलं नसतं.” ही हवा आत सोडली की तेवढीच बाहेर जायला हवी, नाहीतर वॉर्ड दमट होतो, ती बाहेर कुठून काढायची, यावर डॉक्टरबाई अडून बसल्या. व्हरांड्याकडं नाही, थेट बाहेर. एका वॉर्डाचा खोकला दुसऱ्या वॉर्डात जाता कामा नये. त्यांनी पेरू देशातल्या लिमा शहराच्या रुग्णालयांत केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा दाखला दिला: जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डांत खिडक्या उघडल्या की हवा यंत्रांनी हवा खेळवलेल्या नव्या खोल्यांपेक्षा जास्त वेळा बदलत होती आणि क्षयाच्या संसर्गाचा धोका त्यामुळं कमी होत होता. म्हणून वॉर्डांची उंची कमी करायची नाही आणि खिडक्या समोरासमोर हव्यात. जुलैत हवा दमट झाली की कूलर बंद, खिडक्या आणि पंखे सुरू.

यंत्र कुठं ठेवायचं, यावर शेठजी बोलले. दोन दिवसांत ते फारसे बोलले नव्हते. “रस्त्याकडं तोंड करू नका त्याचं,” ते म्हणाले. “पलीकडं माझंच जिनिंग आहे. कपाशीचा हंगाम मार्चपर्यंत चालतो. रुईचे तंतू उडतात ते तुमच्या जाळीत बसतील, आठ दिवसांत जाळी बंद पडेल.” स्वतःच्या कारखान्याचं उणं ज्यानं चारचौघांत सांगितलं, त्या माणसानं त्या दिवशी जागेहून मोठं दान दिलं, असं मला वाटतं. यंत्र पूर्वेच्या बाजूला गेलं.

“आन् ती जाळी धुणार कोण?” मावशींनी विचारलं. गच्चीवर लोखंडी शिडीनं चढून कोणीही धुणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून यंत्र गच्चीवरच, पण जिन्यानं चढून, दार उघडून चालत जाता येईल अशा जागी आलं, आणि शेजारी नळ आला.

छताचं तर सगळ्यांनी मिळून केलं. ऊन सगळं डोक्यावर, म्हणून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक. इलेक्ट्रिकवाला म्हणाला, सौर पॅनेल छतालगत न बसवता उंच मांडवावर बसवले तर छताला सावलीही मिळेल. मिस्त्री म्हणाला, “मांडवाचे पाय स्लॅब ओततानाच काढा, भाऊ. मागून बोल्ट ठोकले की पहिल्या पावसाले गळते. मी वीस छतं पाहिली अशी.” आरसीसीवाल्यानं वाऱ्याचा जोर धरून त्या पायांचा हिशेब तिथंच टिपला. सांडपाण्याची टाकी परत आली, कारण कूलरला पाणी लागतं आणि बोअरवेल एप्रिलमध्ये दम टाकते. शुद्ध केलेलं सांडपाणी कूलरला चालणार नाही, सिस्टरांनी निक्षून सांगितलं. ते संडासाच्या फ्लशला आणि झाडांना द्यायचं ठरलं, म्हणजे तेवढं चांगलं पाणी कूलरसाठी उरेल. त्याला पाइपांची दुसरी वेगळी ओळ लागते, आणि ती भिंती उभ्या राहण्याआधीच घालावी लागते. प्लंबर पहिल्या दिवशी खोलीत होता म्हणून ती घातली गेली.

संध्याकाळी एसीच्या इंजिनिअरनं पुन्हा हिशेब मांडला, या वेळी क्षेत्रफळावरून नव्हे, खोलीखोलीत खरोखर किती उष्णता येणार त्यावरून. १८० टनांचे पन्नासच्या आत आले. त्यामागं ट्रान्सफॉर्मर लहान झाला, जनरेटर लहान झाला, जनरेटरची खोली निम्मी झाली. पुस्तीवर पुस्ती चढत गेली होती, तशीच ती उतरतही गेली. आर्किटेक्ट त्या आकड्यांकडं बराच वेळ बघत बसला.

हे काही या एका गावचं नवल नाही. कॅनडा सरकारनं १९९३ साली सी-२००० नावाचा कार्यक्रम सुरू केला होता. कमी ऊर्जेत चालणाऱ्या इमारती बांधून दाखवायच्या आणि वाढीव खर्चाला सरकारनं हातभार लावायचा, अशी ती योजना. महागडी यंत्रं लागतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात खर्च वाटला तितका वाढला नाही आणि मुख्य फरक पडला तो आराखडा करण्याच्या पद्धतीमुळं, सगळ्या तज्ज्ञांना सुरुवातीलाच एकत्र बसवल्यामुळं. पुढं अमेरिकेतल्या हरित इमारतींच्या ‘लीड’ मानांकनानंही २०१३च्या आवृत्तीत अशा एकत्रित प्रक्रियेला वेगळा गुण ठेवला. आपल्याकडं अजून बहुतेक ठिकाणी मानांकनाचा सल्लागार नकाशा मंजूर झाल्यावर येतो आणि गुणांची बेरीज करत बसतो. याचं मला वाईट वाटतं, कारण तोवर इमारत कुठल्या दिशेला झोपायची, ते ठरून गेलेलं असतं.

बांधकामाची हकिगत लांबवत नाही. एक प्रसंग मात्र सांगायला हवा. दुसऱ्या मजल्याच्या वेळी ठेकेदाराच्या नव्या सुपरवायझरनं एक शाफ्ट रुंदीला कमी करायला सांगितला. भिंत सरळ दिसेल म्हणून. मिस्त्रीनं काम थांबवलं आणि आर्किटेक्टला फोन लावला. कागदावर शाफ्टची रुंदी लिहिलेली होती, पण ती का आहे ते लिहिलेलं नव्हतं. मिस्त्रीला का ते माहीत होतं, कारण सिस्टरांचा डेंग्यूवरचा वाद त्यानं स्वतः ऐकला होता. त्या दोन दिवसांचं मानधन या एका फोननं फेडलं, असं सचिव पुढं हिशेबाच्या बैठकीत म्हणाले. मानधनावर भुवया त्यांनीच उंचावल्या होत्या.

रुग्णालय उभं राहिलं, ते निर्दोष नव्हतं. जुलैत तीन-चार आठवडे वॉर्ड दमटच असतात, बायका पदरानं वारा घेतात. पश्चिमेचा जिना मे महिन्यात भट्टीसारखा तापतो. पण तिथं कोणी झोपत नाही. रात्री दहा वाजता वॉर्डाच्या भिंतीला हात लावला तर ती भिंतीसारखीच लागते, आणि मावशींना खाटा सरकवाव्या लागत नाहीत. फाल्गुनात पुठ्ठे शोधायचं कामही उरलेलं नाही. नव्या इमारतीत पहिला उन्हाळा गेल्यावर बाईंनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं, बिलं समोर ठेवली आणि कुठं चुकलं ते विचारलं. पंख्यांची बटणं पेशंटच्या हाताला येत नाहीत, हे तिथं वॉचमननं सांगितलं. रात्री बेल वाजली की त्यालाच धावावं लागे. बटणं खाली आली.

ही कीर्ती रत्नागिरीकडच्या एका ट्रस्टपर्यंत गेली. त्यांनाही रुग्णालय बांधायचं होतं. चार विश्वस्त गाडी करून आले, सगळीकडं फिरले, शाफ्टमधून येणारा गार वारा हातावर घेतला आणि म्हणाले, “बाई, आम्हाला तुमचा नकाशा द्या. जसाच्या तसा बांधतो. आर्किटेक्ट आमच्याकडं आहे, त्यानं काम सुरूही केलंय.”

“तुमच्याकडं पश्चिमेला काय आहे?” बाईंनी विचारलं.

“समुद्र.”

“आणि वारा?”

“तिकडूनच येतो. संध्याकाळी तोच आधार.”

“मग आमचा हा जिना तुम्ही पश्चिमेला बांधलात तर वारा अडेल. आणि कूलर? तुमच्या हवेत पाणी आधीच भरलेलं.”

विश्वस्त एकमेकांकडं बघू लागले. बाईंनी नकाशा दिला नाही. टेबलाच्या खणातून एक कागद काढून दिला. त्यावर त्या दोन दिवसांना आलेल्या सगळ्यांची कामं लिहिलेली होती आणि प्रत्येकापुढं मानधनाची रक्कम. सगळीकडं एकच आकडा. त्यांच्यातल्या वयस्क गृहस्थांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, मावशींच्या ओळीशी थांबले, पुन्हा वाचला.

“यातल्या किती जणांना तुम्ही विचारलंय?” बाईंनी विचारलं.

गृहस्थांनी उत्तर दिलं नाही. ते व्हरांड्यात गेले आणि आपल्या आर्किटेक्टला फोन लावला. “मंजुरीला पाठवू नका अजून,” ते म्हणत होते. “नाही, पैशांचं काही नाही. आपल्या दवाखान्यात रात्रपाळीला कोण सिस्टर असतात, त्यांचं नाव आधी काढा. आणि तो जुना सुतार, ज्यानं कौलं शाकारली... हो, त्यालाही. मी उद्या पोचतो.”